निंबोळी, सीताफळ की दशपर्णी? वनस्पतिजन्य अर्काची कीडनाशक ताकद कशी मोजावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीने तीन अर्क तयार केले: पाच टक्के निंबोळी अर्क, स्पिरिटमध्ये काढलेला सीताफळाच्या बियांचा अर्क आणि दहा वनस्पतींची पाने महिनाभर कुजवून केलेला दशपर्णी अर्क. सोयाबीनवरून वेचून आणलेल्या स्पोडोप्टेराच्या, म्हणजे तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीच्या, दहा-दहा अळ्या प्रत्येक अर्कात बुडवलेल्या पानांवर सोडल्या. 24 तासांनी मोजले तेव्हा निंबोळीच्या डबीत 1, दशपर्णीच्या डबीत 4 आणि सीताफळाच्या डबीत 7 अळ्या मेलेल्या होत्या. यावरून सीताफळाचा अर्क निंबोळीच्या सातपट ताकदीचा आहे असे म्हणता येईल का, आणि तसे लेबलवर छापता येईल का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र आपण चाचणी करून पाहिली, मोजले आणि मगच विचारले, याचे मला कौतुक वाटते. कारण या विषयात मोजण्यापूर्वीच बोलणारे फार भेटतात. आपल्या चाचणीत चूक अशी एकच नाही, पण बहुतेक चुका एका समजुतीतून आलेल्या आहेत. ती समजूत अशी, की कीडनाशकाची ताकद म्हणजे ठरावीक वेळेत मेलेल्या किडींची संख्या. रासायनिक कीटकनाशकांच्या बाबतीत ही समजूत बऱ्याच अंशी चालून जाते, कारण त्यांतील बहुतेक औषधे मज्जासंस्थेवर घाव घालतात आणि एक-दोन दिवसांत निकाल लावतात. वनस्पतिजन्य अर्कांपैकी प्रत्येकाची मारण्याची रीत वेगळी असते, आणि ती रीत ओळखल्याशिवाय केव्हा मोजायचे, काय मोजायचे आणि कशाशी तुलना करायची हे ठरवता येत नाही.

आधी निंबोळीचे पाहू, कारण आपल्या चाचणीत सर्वांत जास्त अन्याय तिच्यावर झाला आहे. निंबोळीच्या बीमधील मगजात अझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य असते. 1959 मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांच्या नजरेस आले, की भोवतालची झाडे ओरबाडणारे टोळ कडुनिंबाला तोंड लावत नाहीत. पुढे 1962 च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत निंबोळीच्या मगजाचे पाणी फवारलेल्या पिकालाही टोळ खात नाहीत असे दाखवले गेले. या दोन्ही निरीक्षणांत टोळ मेले असे कोणी म्हटलेले नाही, हे लक्षात घ्यावे. अझाडिरॅक्टिनचे पहिले काम खाणे थांबवण्याचे आहे. दुसरे काम अधिक खोलवरचे आहे: अळीच्या मेंदूकडून कात टाकण्याचा इशारा देणारे संप्रेरक सुटण्यातच ते अडथळा आणते, त्यामुळे कात टाकण्याची वेळ येते तेव्हा अळी अडकते. ही वेळ तिसऱ्या अवस्थेतील, म्हणजे दोनदा कात टाकलेल्या, अळीला औषध दिल्यापासून दोन-तीन दिवसांनी येते, आणि कधी कधी खरा परिणाम कोषावस्थेत जाताना दिसतो. म्हणजे 24 तासांनी आपण मोजले तेव्हा निंबोळीचे काम जेमतेम सुरू झाले होते.

ती डबी आपण फेकून दिली नसती तर पाचव्या-सहाव्या दिवशी काय दिसले असते ते सांगतो. अळ्या खुज्या राहिलेल्या असतात, पानावर कडेकडेने चार-दोन चावे असतात आणि लेंड्या मोहरीपेक्षा बारीक पडलेल्या असतात. भिंगाखाली पाहिले तर एखाद्या अळीच्या नव्या डोक्यावर जुन्या डोक्याचे कवच टोपीसारखे चिकटून बसलेले दिसते. दुसरीची जुनी कात मागच्या दोन-तीन वलयांपाशी गुंडाळी होऊन अडकलेली असते, आणि तिथून मागचा भाग काळा पडू लागलेला असतो. काही अळ्या कोषात जातात, पण पुढे कोष आणि मागे अळी असे अर्धवट रूप घेऊन मरतात. ही लक्षणे दिसली की निंबोळीने काम केले अशी खूण पटते, आणि म्हणूनच मी निंबोळीच्या चाचणीची नोंद 1, 3, 5, 7 आणि 10 व्या दिवशी घेतो व वाचलेल्या अळ्यांतून पतंग किती बाहेर पडले तेही लिहून ठेवतो. अंतिम आकडा पतंगांचा असतो; 24 तासांचा आकडा फारसा उपयोगाचा नाही.

खाणे थांबवण्याचा गुण मोजण्यासाठी वेगळी चाचणी लागते. एरंडाच्या पानाच्या सारख्या आकाराच्या चकत्या कापून एक चकती अर्कात आणि एक साध्या द्रावणात बुडवावी, दोन्ही एकाच डबीत ठेवून मध्ये भुकेली अळी सोडावी आणि 24 तासांनी किती पान खाल्ले ते आलेख कागदावर चौकटी मोजून काढावे. साध्या चकतीपैकी 12 चौरस सेंटिमीटर आणि अर्क लावलेल्या चकतीपैकी 3 चौरस सेंटिमीटर खाल्ले असेल, तर दोहोंतील फरक 9, बेरीज 15, आणि खाद्यविरोधी निर्देशांक 60 टक्के येतो. शेतात मात्र अळीला निवडीला वाव नसतो, सगळे शेत फवारलेले असते. म्हणून हीच चाचणी एकट्या अर्काच्या चकतीवरही करावी लागते, आणि निवड असताना नापसंत केलेले पान निवड नसताना अळ्या निमूटपणे खातात असा अनुभव अनेक अर्कांच्या बाबतीत येतो. अळी विषाने मेली की उपाशी राहून मेली हे ओळखण्यासाठी एक डबी मुळीच पान न देता ठेवावी. दोन दिवसांनी अर्काच्या डबीतील काही अळ्यांना स्वच्छ पान द्यावे; त्या खाऊ लागून नीट वाढल्या तर तो अर्क मारणारा नाही, केवळ दूर ठेवणारा आहे. पिकाच्या दृष्टीने तोही गुणच आहे, पण त्याला कीडनाशक म्हणून विकता येत नाही.

आता सीताफळाचे. सीताफळाच्या बियांत अ‍ॅसिटोजेनिन वर्गातील द्रव्ये असतात आणि ती पेशींतील मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीचा पहिलाच टप्पा बंद पाडतात. डेरिस या वेलीच्या मुळ्यांतून मिळणारे रोटेनोन, ज्याने मासे मारण्याची रीत अनेक देशांत जुनी आहे, तेही याच ठिकाणी घाव घालते. अळी सुस्त होते, खाणे सोडते आणि एक-दोन दिवसांत मरते, त्यामुळे 24 तासांत काही अळ्या मेलेल्या दिसणे स्वाभाविक आहे. ही द्रव्ये पाण्यात फारशी उतरत नाहीत, अल्कोहोलमध्ये चांगली उतरतात, म्हणून स्पिरिट वापरण्याचा आपला निर्णय समजण्यासारखा आहे. पण मग प्रश्न उरतो, की त्या 7 अळ्यांपैकी किती सीताफळाने मेल्या आणि किती स्पिरिटने? याचे उत्तर आपल्याकडे नाही, कारण नुसत्या स्पिरिटची डबी आपण ठेवली नव्हती. दुकानात मिळणारे स्पिरिट पिण्यास अयोग्य करण्यासाठी त्यात इतर द्रव्येही मिसळलेली असतात, त्यामुळे ही शंका अधिकच बळावते.

या तुलनेच्या डबीला आम्ही नियंत्रण म्हणतो, आणि चाचणीचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. अर्कात जे जे आहे त्यातून फक्त वनस्पती वगळून उरलेले सगळे त्याच प्रमाणात नियंत्रणात असले पाहिजे. निंबोळी अर्कात साबण आहे, तर त्याच्या नियंत्रणात तितकाच साबण हवा, कारण मावा आणि पांढरी माशी यांसारख्या मऊ अंगाच्या किडी नुसत्या साबणाच्या पाण्यानेही मरतात. सीताफळाला स्पिरिट आणि पाणी. दशपर्णीला गोमूत्र आणि शेण, तितकेच दिवस कुजवलेले. याशिवाय साध्या पाण्याची एक डबी आणि बाजारातील नोंदणीकृत निंबोळीजन्य कीटकनाशकाची एक डबी ठेवावी. या शेवटच्या डबीतही काही घडले नाही तर अर्काला दोष देण्याआधी अळ्या आणि पद्धत तपासावी.

तेलांच्या बाबतीत ही खबरदारी आणखी महत्त्वाची आहे. साठवणीतील तूर किंवा मुगाला किलोला पाचेक मिली निंबोळी तेल चोळले की भुंगेऱ्यांचा उपद्रव कमी होतो, हे खरे आहे. पण दाण्यावर चिकटवलेल्या अंड्यांची हवा कोंडण्याचे काम शेंगदाण्याचे तेलही करते. शेंगतेलाची बरणी शेजारी ठेवली नाही तर त्यातले निंबोळीचे श्रेय किती आणि तेलकटपणाचे किती हे कधीच कळत नाही.

नियंत्रणातही काही अळ्या मरतातच. त्यांचा हिशेब करण्यासाठी अ‍ॅबट यांनी 1925 मध्ये मांडलेले सूत्र आजही सर्वत्र वापरले जाते. समजा अर्काच्या डब्यांतील 30 पैकी 21 अळ्या मेल्या, म्हणजे 70 टक्के, आणि नियंत्रणात 30 पैकी 3 मेल्या, म्हणजे 10 टक्के. 70 मधून 10 वजा करून उरलेल्या 60 ला 90 ने भागावे. दुरुस्त मृत्युप्रमाण 66.7 टक्के येते. नियंत्रणातील मृत्यू 5 टक्क्यांच्या आत असतील तर दुरुस्तीची गरज सहसा नसते. ते 20 टक्क्यांच्या वर गेले तर सूत्र लावत बसू नये, पूर्ण चाचणी रद्द करून पुन्हा करावी. एका पावसाळ्यात माझ्या नियंत्रणातल्या जवळजवळ निम्म्या अळ्या दोन दिवसांत मेल्या आणि आठवडाभर मी तापमान, आर्द्रता, डब्यांची स्वच्छता यांत कारण शोधत राहिलो. शेवटी कळले की आमचा मदतनीस एरंडाची पाने ज्या बांधावरून आणत होता, त्याच्या पलीकडच्या कपाशीवर आदल्या दिवशी फवारणी झाली होती. तेव्हापासून चाचणीचा एरंड मी स्वतः लावतो.

शेतातून वेचलेल्या अळ्या वापरण्यात हाच धोका आतून असतो. काहींच्या अंगात परजीवी माशीची अंडी असतात, काहींना विषाणूची बाधा झालेली असते आणि त्या दोन-तीन दिवसांत काळ्या पडून, पाणी होऊन, उलट्या लटकून मरतात; त्या आपण अर्काच्या खात्यात जमा करतो. शिवाय कोणती अळी किती दिवसांची आहे आणि तिच्यावर आधी कोणते औषध पडले आहे हे कळत नाही. स्पोडोप्टेराच्या बाबतीत उपाय सोपा आहे. तिची मादी पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचे पुंजके घालते आणि त्यावर तपकिरी केसांचे आवरण असते. असे चार-पाच पुंजके पानासकट आणून एरंडावर वाढवावेत, आणि अंडी फुटल्यापासून पाच-सहा दिवसांनी नुकतीच कात टाकून तिसऱ्या अवस्थेत आलेल्या, सारख्या आकाराच्या अळ्या निवडाव्यात. घाटेअळीवर चाचणी करायची असेल तर प्रत्येक अळी वेगळ्या कप्प्यात ठेवावी लागते, कारण त्या एकमेकींना खातात आणि सकाळी कमी भरलेल्या अळ्या मेलेल्या म्हणून लिहिल्या जातात. मेलेली कोणाला म्हणायचे हेही आधी ठरवावे. मऊ ब्रशने डिवचल्यावर जी अळी सावरून चालू शकत नाही ती मेलेल्यांत धरावी, आणि हीच कसोटी सगळ्या डब्यांना शेवटपर्यंत लावावी. पायरेथ्रम, म्हणजे शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून मिळणारे कीटकनाशक, या कसोटीचे महत्त्व चांगले शिकवते: त्याने किडी मिनिटांत उताण्या पडतात, पण मात्रा कमी असेल तर शरीरातील विकरे ते विष मोडून काढतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच किडी चालू लागतात. तासाभराने मोजणाऱ्याला ते औषध रामबाण वाटते.

संख्येविषयी. दहापैकी 7 अळ्या मेल्या याचा अर्थ खरे मृत्युप्रमाण 35 ते 93 टक्के यांमध्ये कुठेही असू शकते. दहापैकी 4 साठी हीच व्याप्ती 12 ते 74 टक्के आहे. म्हणजे आपल्या आकड्यांवरून दशपर्णी आणि सीताफळ यांच्यात काहीही फरक सांगता येत नाही. शंभरात 70 मेल्या असत्या तर व्याप्ती 60 ते 79 वर आली असती. म्हणून प्रत्येक मात्रेला दहा अळ्यांच्या किमान तीन, शक्य तर चार पुनरावृत्त्या घ्याव्यात आणि सगळी चाचणी वेगळ्या दिवशी, अळ्यांच्या वेगळ्या पिढीवर पुन्हा करावी. एकाच दिवशीच्या, एकाच डब्यातील 40 अळ्या म्हणजे चार पुनरावृत्त्या नव्हेत. ही चूक पदव्युत्तर प्रबंधांतही सापडते.

दोन अर्कांची तुलना एकाच मात्रेवर कधीही करू नये. प्रत्येक अर्काच्या दुप्पट-दुप्पट वाढत जाणाऱ्या पाच-सहा मात्रा घ्याव्यात, उदाहरणार्थ अर्धा, 1, 2, 4 आणि 8 टक्के, आणि त्या अशा निवडाव्यात की सर्वांत कमी मात्रेला दहाएक टक्के आणि सर्वांत जास्त मात्रेला नव्वदएक टक्के मृत्यू दिसावेत. मात्रेचा लॉगरिदम आडव्या अक्षावर आणि मृत्युप्रमाणाचे प्रोबिट मूल्य, म्हणजे वक्र रेषा सरळ व्हावी म्हणून टक्केवारीचे केलेले गणिती रूपांतर, उभ्या अक्षावर मांडले की बहुधा सरळ रेषा मिळते. ही रीत ब्लिस यांनी 1934 मध्ये रूढ केली. रेषेवरून निम्म्या किडी मारणारी मात्रा, म्हणजे एलसी 50, काढतात. आता हे सगळे संगणकावर होते, पण एकदा तरी हाताने आलेख काढावा असे मी विद्यार्थ्यांना सांगतो, कारण रेषेचा चढ डोळ्यांना दिसला पाहिजे.

चढाला मी इतके महत्त्व का देतो, ते एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा दोन अर्कांचा एलसी 50 सारखाच, 2 टक्के आहे, पण एकाच्या रेषेचा चढ 4 आणि दुसऱ्याचा 1.5 आहे. पहिल्या अर्काने 90 टक्के किडी मारायला सुमारे 4.2 टक्के मात्रा लागेल, दुसऱ्याला 14 टक्क्यांहून अधिक. शेतकऱ्याला निम्म्या किडी मारायच्या नसतात. वनस्पतिजन्य अर्कांच्या रेषा अनेकदा अशा आडव्या पडलेल्या असतात, कारण अर्क हे मिश्रण असते आणि वेचलेल्या किडींची सहनशक्तीही एकसारखी नसते. म्हणून अहवालात एलसी 50 सोबत एलसी 90, चढ आणि दोन्ही मात्रांच्या 95 टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्यांच्या दरम्यान असण्याचा भरवसा धरता येतो त्या सीमा, दिलेल्या नसतील तर तो आकडा मी अर्धवट समजतो.

या सगळ्यानंतरही एक मोठी अडचण राहते: ‘पाच टक्के निंबोळी अर्क’ म्हणजे नेमके किती औषध? आपल्याकडची प्रचलित कृती अशी, की 5 किलो निंबोळी चूर्ण 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचे, 200 ग्रॅम साबणाचा चुरा 1 लिटर पाण्यात वेगळा विरघळवायचा, सकाळी गाळून दोन्ही एकत्र करायचे आणि एकूण 100 लिटर भरेल इतके पाणी घालायचे. म्हणजे लिटरला 50 ग्रॅम चूर्ण पडले. मगजात अझाडिरॅक्टिन 0.3 टक्के आहे आणि सगळे पाण्यात उतरले असे धरले, तर लिटरला 150 मिलिग्रॅम, म्हणजे 150 पीपीएम (दहा लाख भागांत 150 भाग) होते. प्रत्यक्षात पाण्यात त्याचा काही भागच उतरतो आणि आपण टरफलासकट दळत असल्याने मगज निम्म्याहून फार जास्त नसतो. तरीही तुलना पाहा: बाजारातील 1500 पीपीएमचे औषध लिटरला 5 मिली टाकले तर फवारणीच्या पाण्यात अझाडिरॅक्टिन सुमारे 7.5 पीपीएम पडते, आणि 10,000 पीपीएमचे 2 मिली टाकले तर 20 पीपीएम. बाटलीवरचा मोठा आकडा पाहून घरच्या अर्काला कमी लेखणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा. मात्र बाटलीतले प्रमाण निश्चित असते आणि घरच्या अर्कातले झाडागणिक, गावागणिक बदलते. पावसात भिजून बुरशी लागलेल्या निंबोळ्या, गोणीत कोंडून तापलेले बी, वर्षाहून जुना साठा, या सगळ्यांत ते झपाट्याने घटते. म्हणून आपल्या प्रत्येक घाण्याला, म्हणजे एकत्र दळलेल्या साठ्याला, क्रमांक द्यावा आणि त्यातील नमुना एचपीएलसी या द्रव्याचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर तपासून घ्यावा. ते परवडत नसेल तर निदान एलसी 50 ‘टक्के अर्क’ असे न लिहिता ‘लिटरला इतके ग्रॅम वाळलेले बी’ असे लिहावे. म्हणजे पुढच्या वर्षीच्या बियाण्याशी तुलना तरी होईल.

पाण्याकडेही लक्ष असू द्यावे. अझाडिरॅक्टिन किंचित आम्लधर्मी पाण्यात टिकते आणि अल्कधर्मी पाण्यात लवकर मोडते. आपल्याकडे अनेक बोअरवेलच्या पाण्याचा सामू (pH) 8 च्या वर असतो, त्यात कपडे धुण्याच्या साबणाने भर पडते. म्हणून अर्क त्याच दिवशी वापरावा आणि चाचणीतही ताजाच वापरावा. उन्हातील अतिनील किरणांनीही तो मोडतो. सावलीतल्या डबीत आठ दिवस टिकलेली ताकद उन्हाळी पिकाच्या पानावर एक-दोन दिवसच टिकते असे दिसते. हे मोजायचे तर कुंड्यांतील झाडांवर फवारून ती उन्हात ठेवावीत, फवारणीच्या दिवशी आणि मग 1, 3, 5 व 7 दिवसांनी त्यांची पाने तोडून प्रत्येक वेळी नव्या अळ्यांना खायला द्यावीत. फवारणी संध्याकाळी करा असा सल्ला आपण देतो, त्याचे कारण अशा चाचणीत आकड्यांत दिसते.

दशपर्णीविषयी मला थोडे सावध लिहावे लागते, कारण तिच्यावर श्रद्धा असलेले आणि तिची टिंगल करणारे असे दोनच पक्ष आहेत. कडुनिंब, निरगुडी, करंज, सीताफळ, रुई, घाणेरी, एरंड, पपई, गुळवेल, कण्हेर अशी पाने, त्यात मिरची, लसूण, गोमूत्र, शेण. गावोगावी यादी बदलते. कुजण्याच्या महिन्यात कोणते द्रव्य टिकते आणि कोणते मोडते हे प्रत्येक पिंपात वेगळे. आपल्या 4 अळ्या कशाने मेल्या हे शोधायचे तर दहाही पानांच्या पूर्ण अर्काबरोबर दर वेळी एकेक पान वगळून केलेले दहा अर्क तपासावे लागतील. काम मोठे आहे, पण एखादे पान वगळल्याने मृत्यू घटत नसतील तर ते गोळा करण्याची मजुरी वाचते. कण्हेर वगळूनही ताकद तीच राहिली तर ती आनंदाने वगळावी, कारण तिची हृदयावर परिणाम करणारी विषे माणसाला आणि जनावरांनाही घातक आहेत.

प्रयोगशाळेत उतरलेला अर्क शेतात उतरेलच असे नाही. तिथे किमान तीन-चार पुनरावृत्त्यांची यादृच्छिक मांडणी करून, फवारणीच्या आदल्या दिवशी आणि नंतर 3, 7 व 10 दिवसांनी किडी मोजाव्यात, आणि हेंडरसन व टिल्टन यांचे 1955 चे सूत्र लावावे. त्याचे मर्म एका उदाहरणात सांगतो. फवारलेल्या वाफ्यात मावा पानामागे 40 वरून 12 वर आला. न फवारलेल्यात तो 35 वरून 50 वर गेला. 12 गुणिले 35 ला 40 गुणिले 50 ने भागून एकातून वजा केले की परिणामकारकता 79 टक्के येते. आता त्याच आठवड्यात जोराचा पाऊस झाला आणि न फवारलेल्या वाफ्यातही मावा धुऊन जाऊन 35 वरून 14 वर आला असे समजा. फवारलेल्या वाफ्यातले आकडे तेच, 40 वरून 12. पण परिणामकारकता आता केवळ 25 टक्के. ‘आमच्या अर्काने 70 टक्के मावा गेला’ असे सांगणाऱ्याला मी आधी पावसाची तारीख विचारतो. याच वाफ्यांत ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्या या मावा खाणाऱ्या मित्रकिडी किती उरल्या हेही मोजावे, कारण मावा 79 टक्के आणि ढालकिडे 90 टक्के मेले असतील तर दहा दिवसांनी मावा दुपटीने परत येतो.

एक धोक्याची सूचना. एखाद्या ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ अर्काने दोन-तीन तासांत सगळ्या अळ्या आचके देऊन मेल्या तर हरखून जाऊ नये, संशय घ्यावा. वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रावणांत रासायनिक कीटकनाशक मिसळलेले आढळण्याचे प्रकार आपल्या देशात घडलेले आहेत. आपण कच्चा अर्क बाहेरून विकत घेणार असाल तर कीटकनाशक अवशेषांची तपासणी करून घेतल्याखेरीज त्यावर आपले नाव लावू नये. तसेच वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक असेही नाही: सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावताना डोळ्यांत जाऊन बुबुळाला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत, त्यामुळे बिया दळणाऱ्या आणि अर्क गाळणाऱ्या महिलांना चष्मा आणि हातमोजे दिलेच पाहिजेत. लेबलचे म्हणाल तर, कीड मारण्याचा दावा करून विक्री करायची असल्यास 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणीचा प्रश्न येतो. ती नोंदणी फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे होते, आणि तिथे ‘सातपट’ असा शब्द चालत नाही.

आता पुन्हा चाचणी कराल तेव्हा निंबोळी आणि सीताफळ हे दोनच अर्क घ्यावेत आणि दशपर्णी सध्या बाजूला ठेवावी. प्रत्येकी पाच मात्रा, त्यांची स्वतंत्र नियंत्रणे, साधे पाणी, बाजारातील एक औषध, आणि दहा दिवसांची वही. डब्यांवर अर्काची नावे लिहू नयेत, फक्त क्रमांक लिहावेत. कोणता क्रमांक कशाचा ही यादी एकाने स्वतःजवळ ठेवावी, आणि ब्रश घेऊन मोजायला ज्याने अर्क केला नाही त्याला बसवावे.